भात खोताचा, भाकरी कुळाची

रत्नागिरीच्या पारंपरिक खाद्यसंस्कृतीविषयी लिहिताना उकडीचे मोदक, घावने, फणसाची सांदणे, सोलकढी यांचा उल्लेख प्राधान्याने होतो. हे पदार्थ याच भूमीचे आहेत, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्यांतील बहुतेकांना तांदूळ किंवा नारळ लागतो, आणि तो कुणाच्या घरात किती उरत होता, हे विचारल्याखेरीज या संस्कृतीचा इतिहास पुरा होत नाही.

येथील शेतजमीन मुख्यतः दोन प्रकारची. सखल मळ्यांत भात पिके. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत राब भाजून नाचणी, वरी, हरीक घेतले जाई. खोती पद्धतीत अर्धेलीच्या कुळाने भाताचा निम्मा आणि वरकस पिकाचा तिसरा हिस्सा खोतास द्यावा, अशी सर्वसाधारण वहिवाट होती. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेला वैधानिक चौकट दिली. निम्मा भात गेल्यावर उरलेल्यातूनच बियाणे राखावयाचे, मीठ-कापडाची गरज भागवावयाची. मग वर्षाचा आधार उरे तो नाचणीचा.

ही नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातील. भारतात रुजून तिला काही हजार वर्षे झाली. ती हलक्या जमिनीत येते आणि साठवणीत सहसा किडत नाही. तिच्या तुलनेत मिरची अगदी अलीकडची. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आली. त्यापूर्वी तिखटाची भिस्त मिऱ्यांवर होती. आमसुलाचा रातांबा मात्र सह्याद्रीचाच.

भाकरीसोबत जे येई, त्यामागेही टंचाईचा हिशेब होता. भातकापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर कुळीथ पिके, त्याची पिठी होई. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की सुकट आणि सुके बांगडे उपयोगी पडत. फणसाच्या आठळ्याही जपून ठेवल्या जात. या टंचाईला चव देण्याचे काम घरोघरच्या स्त्रियांनी केले.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. दरम्यान मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींनी अनेक चुली पेटत्या ठेवल्या होत्या. पुढे रेशनच्या दुकानात तांदूळ आणि गहू मिळू लागले, तशी नाचणी मागे पडली. याची हळहळ ती रोज खाणाऱ्यांना फारशी वाटली नसावी. दोन्ही वेळचा भात ही त्यांच्या लेखी प्रतिष्ठेची गोष्ट होती.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. आता नाचणीची बिस्किटे शहरांतील दुकानांत पौष्टिक आहार म्हणून विकली जातात. तिचा हा सन्मान आम्हांस आनंदाचाच वाटतो. मात्र ज्यांच्या आजी-पणजीने ती नाइलाजाने खाल्ली, त्यांना भात मिळाल्याचे समाधानही याच इतिहासाचा भाग आहे. कोकणी पाककृतींचे संकलन करणाऱ्यांनी पदार्थाच्या कृतीशेजारी त्याचे धान्य कोणत्या जमिनीतले आणि कुणाच्या वाट्याचे, हेही नोंदवावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.