जन्मदेश नावाचा रकाना

अमेरिकेत कायमचं राहण्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी, जो अर्ज भरावा लागतो, त्यातल्या बहुतेक गोष्टी माणसाला बदलता येतात. पदवी वाढवता येते, नोकरी बदलता येते, पगार वाढतो, लग्न होतं. अगदी नागरिकत्वही बदलता येतं. एक रकाना मात्र आपल्या हातात कधीच नसतो: जन्म कुठल्या देशात झाला. आणि आपण कुठल्या रांगेत उभं राहायचं, हे नेमका तोच रकाना ठरवतो.

पुण्यात जन्मलेला इंजिनियर उद्या कॅनडाचा नागरिक झाला, तरी या रांगेत तो भारताच्याच खात्यात मोजला जातो. उलट आईवडील सांगलीचे, शिक्षण सांगलीत, पण वडिलांच्या नोकरीमुळे जन्म मस्कतला झालेली मुलगी ओमानच्या खात्यात जाते. तिची रांग पुणेकराच्या मानाने फारच छोटी. गंमत म्हणजे त्या पुणेकराने तिच्याशी लग्न केलं, तर त्यालाही बायकोचा जन्मदेश लावून घेता येतो. विनोद वाटावा अशी ही गोष्ट रीतसर कायद्यात आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा व्हिसा बुलेटिनची चर्चा होतेच. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला हे बुलेटिन काढतं. कुठल्या तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांचा नंबर लागला, ते त्यात असतं. २०२५च्या उन्हाळ्यात भारतात जन्मलेल्यांसाठी ‘ईबी-२’ या उच्चशिक्षितांच्या गटाची तारीख होती १ जानेवारी २०१३. म्हणजे साडेबारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्या माणसाला आता आत बोलावलं जात होतं.

या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: आपण शिकलेले, टॅक्स भरणारे, कायद्याने आलेले, मग आपल्यालाच का थांबवतात? राग खरा आहे. पण हा युक्तिवाद शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एकदा करून झालेला आहे. त्याचं काय झालं, ते माहीत असलेलं बरं.

आनंदीबाईंना व्हिसा लागला नाही

१८८३ साली आनंदीबाई जोशी न्यू यॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांना व्हिसा नावाची गोष्ट लागली नव्हती. पैसे, ओळखीचं घर आणि घरच्या समाजाचा रोष सोसायची तयारी, एवढं पुरलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला होता. माणूस कोण आहे यापेक्षा तो कुठला आहे हे बघून दार लावायची सुरुवात तिथून झाली.

भारतीयांची पाळी १९१७ साली आली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने जो कायदा केला, त्यात नकाशावर एक मोठा पट्टा ‘बंद’ ठरवला गेला. भारत त्या पट्ट्यात होता. विद्यार्थी, व्यापारी अशा काहींना सूट होती; मजूर म्हणून येणाऱ्याला नाही.

जे आधीच आत होते, त्यांच्यापुढे प्रश्न नागरिकत्वाचा होता. १७९०च्या कायद्याप्रमाणे परदेशातून आलेल्या फक्त ‘गोऱ्या’ माणसाला नागरिक होता येत असे. यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग भारतीय माणूस कोण? काही न्यायाधीश त्याला गोरा मानत, काही मानत नसत.

थिंड यांचा खटला

भगतसिंग थिंड हे अमृतसरकडचे शीख. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या लष्करात होते. १९१८ साली मिळालेलं नागरिकत्व चार दिवसांत काढून घेतलं गेलं, १९२० साली पुन्हा मिळालं, आणि सरकारने त्यावर अपील केलं. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच आपल्या गल्लीतलं वाटावं असे हे गृहस्थ १९१४ सालीच अमेरिकेचे नागरिक झाले होते.

थिंड यांच्या बाजूने असं म्हणता आलं असतं की कातडीच्या रंगावर नागरिकत्व देणारा नियमच चुकीचा आहे. तसं म्हटलं गेलं नाही. त्या काळी ते कोर्टात टिकलंही नसतं. त्याऐवजी मांडणी अशी झाली: उच्चवर्णीय हिंदू हा आर्य, आर्य म्हणजे कॉकेशियन, आणि कॉकेशियन म्हणजे गोरा. (‘हिंदू’ हा शब्द तेव्हा अमेरिकेत सगळ्याच भारतीयांना लावत, शिखांनाही.) त्यापुढे जाऊन असंही सांगण्यात आलं, की बेटीव्यवहाराच्या बाबतीत गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे जसं बघतो, तसंच उच्चवर्णीय भारतीय इथल्या मूळ रहिवाशांकडे बघतो. थोडक्यात: भेदभाव आम्हीही पाळतो, म्हणून आम्ही तुमच्यातलेच.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. लिहिला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी, जे स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून लहानपणी अमेरिकेत आले होते. त्याआधी तीनच महिने, जपानी असलेल्या ताकाओ ओझावा यांना नकार देताना त्यांनी गोरा म्हणजे कॉकेशियन असं लिहिलं होतं. आता ते म्हणाले, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा; आणि सामान्य माणूस भारतीयाला गोरा समजत नाही. नियम तसाच राहिला, फक्त थिंड त्याच्या बाहेर पडले. जातीचं प्रशस्तिपत्रक कामाला आलं नाही.

निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णो दास बगाई १९२१ साली नागरिक झाले होते. त्यासाठी ब्रिटिश प्रजाजन असणं त्यांनी सोडलं होतं. आता तेही गेलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे नागरिक होऊ न शकणाऱ्याला जमीन घेता येत नसे, त्यामुळे मालमत्ताही गेली. भारतात जाऊन यायचं म्हटलं तर अमेरिकन पासपोर्ट मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. मागे पत्नी आणि मुलं होती.

वकील पंडितांवरही हीच कारवाई झाली. ते लढले आणि जिंकले. एकदा कोर्टाने दिलेलं नागरिकत्व वर्षानुवर्षांनी असं उकरून काढता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा अपील कोर्टाने मान्य केला. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचं नाकारलं, आणि सरकारने अशा बाकीच्या खटल्यांचा नाद सोडला. बगाईंना त्याचा उपयोग झाला नाही.

शंभर जागा

दरम्यान १९२४च्या कायद्याने आजच्या व्यवस्थेचा सांगाडा उभा केला. प्रत्येक देशाला वर्षाचा कोटा, आणि बोटीत बसण्याआधीच त्या देशातल्या अमेरिकन वकिलातीतून व्हिसा. कोट्यासाठी १८९०ची जनगणना धरली, म्हणजे इंग्लंड-जर्मनीला भरपूर जागा आणि इटली-पोलंडला कमी. जे नागरिकच होऊ शकत नाहीत त्यांना, म्हणजे जवळपास सगळ्या आशियाला, स्थायिक होण्यासाठी दार बंद.

ते किलकिलं झालं १९४६ साली. न्यू यॉर्कमधले व्यापारी जे. जे. सिंग आणि इतर काही भारतीय वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं खासदारांचे उंबरे झिजवत होते. ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिक व्हायचा हक्क मिळाला आणि वर्षाला कोटा मिळाला १००चा. एवढ्या मोठ्या देशाला शंभर जागा. पण दार उघडलं.

पुढचं मोठं पाऊल १९६५चं. कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ शिखरावर होती. १९६४ साली वंशभेदाविरुद्धचा कायदा झाला, १९६५च्या ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा, आणि दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. देशात वंशभेद नको म्हणायचं आणि दारात तो पाळायचा, हे आता शोभण्यासारखं नव्हतं. जुने कोटे गेले. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर त्यानंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. ज्या दारातून ते आत शिरले, ते उघडायला लाठ्या खाल्ल्या होत्या अलाबामातल्या काळ्या माणसांनी. थिंड यांच्या कैफियतीत ज्यांच्याहून वरचढ असल्याचा दावा होता, त्याच समाजाने.

समान वाटपातून आलेली रांग

आजची रांगही याच कायद्यातून निघते. जुन्या कोट्यांच्या जागी १९६५ साली पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला एकच कमाल मर्यादा आली: वर्षाला २०,०००. भारताला तेवढी, आइसलँडलाही तेवढीच. त्या वेळी ही समानता होती, आणि १०० नंतर २०,००० म्हणजे दिवाळीच.

मग १९९०चा कायदा आला. त्याने तात्पुरत्या कामाचा एच-१बी व्हिसा सुरू केला, वर्षाला ६५,०००. या व्हिसावर असताना कायमच्या वास्तव्याची इच्छा धरणं गैर मानलं जाणार नाही, अशी सोय केली. आणि नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठरवली. त्यात बायको, नवरा, मुलंही मोजायची. कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. ईबी-२ गटात हे गणित भारतासाठी वर्षाला जेमतेम २,८०० वर येतं. इतरांच्या न वापरलेल्या जागा कधी मिळाल्या तर त्या वेगळ्या.

आता मेख बघा. एच-१बीला देशनिहाय मर्यादा नाही. वायटूकेच्या आणि नंतरच्या लाटेत भारतीय इंजिनियर तिथे एवढे गेले, की अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त भारतात जन्मलेल्यांचे असतात. इनपुटला मर्यादा नाही, आउटपुटला ७ टक्के. क्यू वाढत जाणार, हे कुठलाही ज्युनियर डेव्हलपर सांगेल. २००० साली यावर उपाय निघाला तोही क्यू सांभाळणारा: ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्याला एच-१बीची सहा वर्षांची मुदत पुढे वाढवून घेता येईल. त्यामुळे थांबणं शक्य झालं, आणि शक्य झालं म्हणूनच ते वर्षानुवर्षं चालू राहिलं.

या थांबण्याची किंमत घराघरांत मोजली जाते. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस. अर्जदाराच्या जोडीदाराला कामाची परवानगी मिळू लागली २०१५ पासून, तीही अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच. आईवडिलांबरोबर लहानपणी गेलेलं मूल रांग सरकण्याआधी २१ वर्षांचं झालं, तर काही दिवस वजा करायची सवलत धरूनही ते बरेचदा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. ज्या देशात शाळा शिकलं, तिथे राहायला त्याला स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो.

देशनिहाय मर्यादा काढायचं विधेयक २०१९ साली प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. २०२० साली सिनेटने स्वतःचा वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं: एकूण आकडा १,४०,०००च राहणार असेल, तर आपली रांग कमी होताना नायजेरियाच्या किंवा ब्राझीलच्या माणसाची वाढणार. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर्सची रक्कम लावण्याची घोषणा झाली, तेव्हाही आमच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया होती: खऱ्या टॅलेंटला काही होणार नाही.

त्या दिवशी मी ग्रुपवर दलीपसिंग सौंद यांच्याबद्दल लिहिलं. १९२० साली पंजाबातून अमेरिकेत गेलेले सौंद १९२४ साली बर्कलीतून गणितात पीएचडी झाले. त्यांच्याहून ‘हायली स्किल्ड’ कोण असणार? पण भारतीय म्हणून त्यांना नोकरीची दारं बंद होती, नागरिकत्वाचंही. मग कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत त्यांनी वीसहून अधिक वर्षं शेती केली, आणि कायदा बदलावा म्हणून इतरांच्या बरोबरीने खटपटही. १९४६ साली कायदा बदलला. १९४९ साली सौंद नागरिक झाले आणि १९५६ साली काँग्रेसवर निवडून गेले. आशियात जन्मलेला असा पहिलाच माणूस. पीएचडी त्यांच्याकडे १९२४ पासून होती. नागरिकत्व मिळालं ते १९४६च्या कायद्यामुळे.