जावा शिकायला जावाला गेलो: ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच फजितीनं करतो.

बीटेक झालं, पुण्यात तीन वर्षं कोडिंग केलं आणि मग इंडोनेशिया सरकारची ‘दार्मासिस्वा’ नावाची शिष्यवृत्ती मिळाली. परदेशी मुलांना वर्षभर तिथल्या विद्यापीठात भाषा, नाच, संगीत शिकवणारी ही योजना. मला मिळालं योग्याकार्ताचं गाजा माडा विद्यापीठ, विषय इंडोनेशियन भाषा, अगदी पहिली इयत्ता म्हणा ना. आता योग्याकार्ता आहे जावा बेटावर. त्यामुळं आमच्या गडमुडशिंगीत बातमी अशी पसरली, की पोरगं जावा शिकायला गेलं! चुलते वडलांना म्हणाले, “आरं, जावा हितं पुण्यात गल्लोगल्ली शिकवत्यात की. त्येला इमानानं कशाला जायाचं?” चुलत्यांचं तरी काय चुकलं? कॉम्प्युटरच्या जावाचं नाव याच बेटाच्या कॉफीवरून पडलंय.

पहिला आठवडा तर मजेतच गेला. बाईंना ‘इबू’ किंवा नुसतं ‘बू’ म्हणायचं, म्हणजे आई. फळ्यावर शब्द यायला लागले. गुरू, राजा, नामा. ‘चेरिता’ म्हणजे गोष्ट, आपलं चरित. ‘पुआसा’ म्हणजे उपवास. भाषेला ‘बहासा’. शेजारचे जपानी, पोलिश मित्र पाठांतर करतायत आणि मी आपला आरामात. मग एक फॉर्म भरायला आला, त्यात रकाना होता ‘इस्त्री’. मी म्हटलं, कपड्यांची चौकशी कशाला? तर इस्त्री म्हणजे बायको. माझा आराम तिथंच संपला.

असलं काही ऐकलं की आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच मेसेज फिरतो, की बघा, इंडोनेशियन म्हणजे संस्कृतच! तसं नाहीये. या भाषेचं घराणं ऑस्ट्रोनेशियन. फिलिपिन्सची टागालोग आणि आफ्रिकेजवळच्या मादागास्करची मालागासी या तिच्या नात्यातल्या. क्रियापदाला काळ नाही, नामाला लिंग नाही. माझ्या पोलिश मैत्रिणीला मी तो-ती-ते समजावलं तर ती म्हणाली, आमच्याकडंही तेच दुखणं आहे, म्हणून तर इथं आले.

मग हे शब्द आले कुठून? जहाजातून. इंडोनेशियनचं मूळ आहे मलय, म्हणजे मलाक्का सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवरची भाषा. भारत आणि चीनमधला समुद्री व्यापार तिथूनच जायचा. सुमात्रात केडुकान बुकित इथं सापडलेला जुन्या मलयमधला शिलालेख आहे इसवी सन ६८२ चा. लिपी दक्षिण भारतातून गेलेली पल्लव आणि वर्ष शकाचं, आपल्या कालनिर्णयवर असतं तेच. पुढं अरबी-फारसी शब्द आले. ‘काय खबर?’ला तिथं ‘आपा कबार?’ म्हणतात. कारणाला ‘सबब’ म्हणतात, आपण ऑफिसला देतो तीच! जहाजाचा कप्तान ‘नाखोदा’, आपल्या कोकणात नाखवा. मग पोर्तुगीज आले, त्यांनी लिलावाला ‘लेलांग’, फितीला ‘पीता’ आणि नाताळला ‘नाताल’ देऊन टाकलं. म्हणजे मराठी आणि मलय या एकाच समुद्रावर सौदे करणाऱ्या दोन भाषा.

आता गोष्टीचा गाभा. दुसऱ्या महिन्यात बाईंनी दोन सर्वनामं लिहिली, ‘कामी’ आणि ‘किता’. दोन्हींचा इंग्रजी अर्थ एकच, ‘वी’. वर्ग गोंधळला. मी मात्र ताडकन हात वर केला. बू, हे आमच्यात आहे! ‘कामी’ म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. ‘किता’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. हिंदीच्या ‘हम’ला हा फरक दाखवता येत नाही. मराठीला येतो.

त्याच रात्री घरी फोन केला. वडील म्हणाले, “आमच्याकडं लई पाऊस झाला बघ.” मी थबकलो. घरात असताना ते कायम ‘आपल्याकडं’ म्हणायचे. त्यांना कळलंही नसेल, पण मी ‘किता’तून ‘कामी’त गेलो होतो.

हे दोन शब्द घेऊन आता १९२८ सालात जाऊ. २८ ऑक्टोबर, डचांच्या ताब्यातलं बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता. वेगवेगळ्या बेटांवरच्या तरुण संघटनांची परिषद भरलीय. बरेचसे विशी-पंचविशीतले, म्हणजे आपल्याच वयाचे. पोलिसांची नजर आहे, म्हणून सुप्रातमान नावाचा तरुण आपलं नवं गीत शब्दांशिवाय नुसतं व्हायोलिनवर वाजवतो. तेच पुढं राष्ट्रगीत झालं. शेवटी शपथ घेतली जाते, ‘सुम्पाह पेमुडा’, तरुणांची शपथ. तिची सुरुवात ‘कामी’नं होते आणि पुढं लगेच येतात पुत्र आणि पुत्री. १७ ऑगस्ट १९४५ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामाही ‘कामी’नंच सुरू होतो. मला वाटतं हे बरोबरच होतं, कारण तेव्हा ते डचांना आणि जगाला सांगत होते की आम्ही कोण.

पण आपापसात ‘किता’ कुठल्या भाषेत म्हणायचं? सगळ्यात मोठा समाज जावानीज बोलणारा. संख्याबळावर ठरलं असतं तर जावानीजच आली असती. तरी निवडली मलय, जी मातृभाषा म्हणून फार थोड्यांची होती. एक कारण म्हणजे ती बाजारात आणि बंदरांत आधीपासून चालत होती. दुसरं, जावानीजमध्ये समोरच्याचा मान बघून शब्दच बदलावे लागतात. बरोबरीच्याशी ‘न्गोको’, मोठ्यांशी ‘क्रामा’. आपलं तू-तुम्ही एवढ्यावर भागतं, तिथं जेवण्या-झोपण्याचे शब्दही वेगळे. सगळे समान म्हणणाऱ्या चळवळीला ही उतरंड अवघड गेली असती. गंमत म्हणजे खुद्द त्या परिषदेत बरंच बोलणं डचमध्ये झालं, कारण पोरं डच शाळांत शिकलेली. आधी भाषा निवडली, मग शिकली! पुढं १९४२ ला जपानी आले, त्यांनी डचवर बंदी घातली आणि कचेऱ्या-शाळांत इंडोनेशियन पसरली.

शपथेत तीन कलमं आहेत. पहिली दोन म्हणतात, मायभूमी एक, राष्ट्र एक. तिसरं मात्र ‘भाषा एक’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, एकजुटीची भाषा म्हणून आम्ही इंडोनेशियनचा मान राखतो. घरातली भाषा सोडा, असं त्यात कुठंही नाही.

तरी किंमत मोजावी लागलीच. कॅन्टीनमधला माझा जावानीज मित्र आजीशी इंडोनेशियनमध्येच बोलायचा. का रे? तर क्रामात चूक झाली तर अपमान होईल, त्यापेक्षा नकोच. आजी आहे, नातू आहे, मधली भाषा निसटतेय.

आपल्याकडं २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, केवढा वाद झाला आणि २९ जूनला तो मागं घेतला गेला. तेव्हा मला हे तिसरं कलम आठवत होतं. भाषा कुठलीही आणा, ती आणणारा आमच्याशी बोलताना ‘आपण’ म्हणतोय की ‘आम्ही ठरवलंय’ म्हणतोय, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

जाता जाता एक गोड गोष्ट. इंडोनेशियनमध्ये साखरेला ‘गुला’ म्हणतात. संस्कृत ‘गुड’, आपला गूळ! मी लगेच वडलांना सांगितलं. ते म्हणाले, “तुझा आज्जा चारशे एकोणीस लावायचा, त्याचा गूळ बघायला पाहिजे होतास.” मी शोधलं. को ४१९ हा कोइमतूरचा ऊस, आणि त्याच्या आई-बापांतला एक आहे पीओजे २८७८, जो १९२१ मध्ये पूर्व जावातल्या पासुरुआनच्या केंद्रात तयार झाला. म्हणजे शब्द आपल्याकडून तिकडं गेला आणि ऊस तिकडून आज्ज्याच्या शेतात आला.

हे सांगितल्यावर वडील जरा गप्प झाले. मग म्हणाले, “म्हंजे आपलंच गाव की रं ते.”

आपलंच. किता.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, आज घरी फोन केलात तर समोरून ‘आमच्याकडं’ ऐकू येतंय की ‘आपल्याकडं’, तेवढं ऐका.