उमेदवारीचे दिवस

शेक्सपिअरने क्लिओपात्राच्या तोंडी घातलेल्या शब्दांमुळे अननुभवी तारुण्याला इंग्रजीत हिरव्या, कच्च्या भाजीपाल्याची उपमा रूढ झाली. आपल्याकडे अशा पोराच्या ओठांवरचे दूध अद्याप वाळलेले नाही, असे म्हणतात. परंतु या अवस्थेसाठी फारसीतून आलेला ‘उमेदवार’ हा शब्द मला अधिक उदार वाटतो, कारण त्यात न्यूनतेचा उपहास नसून आशेचा स्वीकार आहे. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत वेतनाविना नकला करीत, दप्तर बांधीत, वरिष्ठ कारकुनाच्या हाताखाली मोडी वळण घोटीत जो तरुण जागा रिकामी होण्याची वाट पाही, तो उमेदवार. आणि त्या कष्टांतूनच तो कामाला पक्का होई. १९६१च्या कायद्याने कारखान्यांतील ‘शिकाऊ उमेदवारा’ला विद्यावेतनाचा हक्क दिला, हे मी मोठेच न्यायकार्य मानतो.

मुळशी तालुक्यातील माणच्या शिवारात आता माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या आहेत, आणि तेथे नवागताला ‘फ्रेशर’, म्हणजे पुन्हा ताजी भाजीच, म्हणतात. माणकरांनो, आपल्या मुलांना उमेदवार म्हणा.