एकशे अठ्ठावीस बाइटांचा संसार



यंत्रांचा इतिहास बहुधा संशोधकांचा आणि विक्रेत्यांचा लिहिला जातो. विक्री थांबली की तो इतिहासही संपला, असे आपण धरून चालतो. आज ज्या यंत्राची हकीकत मांडावयाची आहे, तिचा एक मोलाचा अध्याय मात्र विक्री थांबल्यानंतर लिहिला गेला.

अमेरिकेतील अटारी कंपनीने सप्टेंबर १९७७ मध्ये घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाचे एक खेळयंत्र बाजारात आणले. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याची कार्यस्मृती अवघी १२८ बाइटांची. आजच्या रूढ संगणकीय संकेतपद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट व्यापते. म्हणजे या स्मृतीत जेमतेम ४२ चिन्हे मावतील. खेळाची आज्ञावली वेगळ्या कार्ट्रिजमध्ये असे आणि तिची साधी मर्यादा चार किलोबाइटांची होती.

स्मृती त्या काळी महाग असल्याने पडद्यावरचे संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याची सोयच या यंत्रात नव्हती. दूरदर्शनचा इलेक्ट्रॉन-किरण एकेक आडवी रेषा ओढीत खाली येई आणि प्रत्येक रेषेवर काय दिसावे, हे आज्ञावलीने त्या त्या क्षणी सांगावे लागे. एका रेषेच्या अवधीत प्रक्रियकाला ७६ आवर्तने मिळत. एकेका आज्ञेला त्यांतील किमान दोन खर्ची पडत. अमेरिकी पद्धतीच्या चित्रात २६२ रेषा असतात. त्यांपैकी सुमारे १९२ चित्रासाठी वापरीत. उरलेल्या सत्तर रेषांच्या काळात चेंडू कोठे गेला, टक्कर झाली काय, गुण किती झाले, हा सारा हिशेब उरकावयाचा. आणि तोही सेकंदाला साठ वेळा!

या ओढग्रस्तीतून विलक्षण युक्त्या जन्मास आल्या. डेव्हिड क्रेन यांच्या १९८२ च्या ‘पिटफॉल’ या खेळातील अरण्याची २५५ दृश्ये कोठेही साठविलेली नाहीत. एका बाइटातून ठरावीक नियमाने पुढचा बाइट काढावयाचा आणि त्यावरून दृश्य उभे करावयाचे, अशी ती योजना होती. सूत्रकारांच्या अल्पाक्षरत्वाची येथे आठवण व्हावी.

१९९२ च्या आरंभी अटारीने हे यंत्र अधिकृतपणे बंद केले. तीनच वर्षांनी, १९९५ मध्ये, एड फेडरमायर यांनी त्याच्यासाठी ‘एडट्रिस २६००’ हा नवा खेळ रचला. पुढे अनेक हौशी रचनाकार जुन्या कार्ट्रिजांतील आज्ञा उलगडून ही विद्या शिकले. काहींनी खेळाऐवजी केवळ हलत्या चित्रांचे व सुरांचे लहानसे ‘डेमो’ रचले. मायक्रोसॉफ्टमध्ये उच्चपदी राहिलेल्या एड फ्राइज यांनी २०१० मध्ये चार किलोबाइटांत ‘हेलो २६००’ बसविला. २०१३ मध्ये तो स्मिथसोनियनच्या अमेरिकी कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला.

यंत्र कपाटात जपता येते. ते चालविण्याची विद्या मात्र कोणीतरी पुन्हा हाती घेतली तरच टिकते. बाजाराने टाकून दिलेल्या या यंत्राला ज्यांनी नव्याने काम दिले, त्यांनी तिचा वारसा खंडित होऊ दिला नाही. स्मृतिव्याख्यानाच्या या व्यासपीठावरून शाळेच्या विद्यार्थ्यांसमोर हा दाखला ठेवावा, एवढाच माझा हेतू आहे.