परिवहन नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण (भारत)

परिवहन नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे शहरे व प्रदेश यांतील माणसांच्या आणि मालाच्या ये-जा करण्याचा अभ्यास, तिच्या भावी गरजेचे अनुमान व त्यानुसार रस्ते, रेल्वे, बस, पादचारी मार्ग इत्यादींची आखणी यांचे पदवीनंतर दिले जाणारे विद्यापीठीय शिक्षण होय. भारतात ते मुख्यतः दोन मार्गांनी मिळते. नियोजन विद्याशाखेतील 'मास्टर ऑफ प्लॅनिंग' (एम.प्लॅन.) ही पदवी हा पहिला मार्ग, तर स्थापत्य अभियांत्रिकीतील एम.टेक. पदवी हा दुसरा. दोन्ही अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचे, म्हणजे चार सत्रांचे असतात. नियोजन शाखेच्या अभ्यासक्रमात कार्यालयातील प्रत्यक्ष कामाचा अनुभव (आंतरवासिता) हा बहुधा अंतर्भूत घटक असतो.

पार्श्वभूमी

परिवहन नियोजनाची आधुनिक गणिती पद्धती १९५०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. शिकागो महानगरासाठी त्या दशकात झालेला अभ्यास या पद्धतीचा पाया मानला जातो. मुंबईत १९६०च्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने वाहतुकीचा अभ्यास करून द्रुतगती मार्गांचे जाळे सुचवले होते. ब्रिटनमध्ये १९६३ साली कॉलिन ब्युकॅनन यांच्या अहवालाने मोटारींच्या वाढीचा शहरी जीवनावर होणारा परिणाम चर्चेत आणला.

भारतात इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही व्यावसायिक संस्था १९५१ साली स्थापन झाली. १९५५ साली दिल्लीत नगर व ग्रामनियोजनाचे विद्यालय सुरू झाले व पुढे ते वास्तुशास्त्र विभागाशी जोडले जाऊन 'स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर' ही संस्था आकाराला आली. तेथे परिवहन नियोजन हा एम.प्लॅन.चा स्वतंत्र विशेष विषय आहे. अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ हेही या विषयाचे प्रमुख केंद्र आहे. महाराष्ट्रात आयआयटी मुंबई येथे परिवहन प्रणाली अभियांत्रिकीत एम.टेक. करता येते.

केंद्र सरकारने २००६ साली राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण स्वीकारले. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे, हे त्याचे मुख्य सूत्र होते. त्यानंतर सेप्ट विद्यापीठ, आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास व एनआयटी वारंगळ येथे नागरी परिवहनाची उत्कृष्टता केंद्रे उभारण्यात आली.

प्रवेश व अभ्यासक्रम

स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नियोजन यांतील पदवीधरांना प्रवेश मिळतो. काही नियोजन संस्था भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांतील पदव्युत्तर पदवीधरांनाही प्रवेश देतात. सरकारी संस्थांतील प्रवेश मुख्यतः गेट परीक्षेच्या गुणांवर होतो.

अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी चार टप्प्यांचे प्रतिमान असते. एखाद्या भागातून किती प्रवास निर्माण होतात, ते कोठे जातात, त्यांसाठी लोक कोणते साधन निवडतात आणि कोणत्या मार्गाने जातात, या चार प्रश्नांची उत्तरे त्यातून क्रमाने काढली जातात. याखेरीज संख्याशास्त्र, भूमिवापर, परिवहन अर्थशास्त्र, रस्ता सुरक्षा, पर्यावरणीय परिणाम व कायदा हे विषय शिकवले जातात. 'स्टुडिओ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सत्रकार्यात विद्यार्थी गटाने एखाद्या खऱ्या शहराचा आराखडा तयार करतात. अखेरच्या सत्रात प्रबंध लिहावा लागतो.

आंतरवासिता

आंतरवासिता बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या सत्रांमधील उन्हाळी सुटीत होते. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणे, महानगरपालिका, मेट्रो कंपन्या, सल्लागार संस्था व संशोधन संस्था येथे विद्यार्थी काम करतात. चौकांतील वाहनगणना, घरोघरी जाऊन केलेले प्रवास सर्वेक्षण, बसथांब्यांवरील चढ-उताराची मोजणी, मिळालेल्या माहितीची छाननी व संगणकीय प्रतिमानात तिची मांडणी ही कामे सामान्यतः त्यांच्याकडे येतात.

या काळात मोजणीच्या मर्यादा विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष अनुभवास येतात. महाराष्ट्रात मे महिन्यात शाळा-महाविद्यालये बंद असल्याने विद्यार्थ्यांचे प्रवास गणनेत उतरत नाहीत, त्यामुळे अशा आकड्यांना हंगामी दुरुस्ती करावी लागते. वाहनगणनेत निरनिराळी वाहने 'प्रवासी कार एकका'त रूपांतरित केली जातात. या हिशेबात एक बस काही मोटारींइतकी जागा व्यापणारी ठरते, परंतु तिच्यातील कित्येक पट प्रवासी त्या आकड्यात दिसत नाहीत. म्हणून वाहनांबरोबर प्रवाशांचीही मोजणी करणे आवश्यक ठरते. २०११च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर व साधन यांची माहिती गोळा करण्यात आली, पण शिक्षण, खरेदी किंवा मुलांना शाळेत पोहोचवणे यांसाठीचे प्रवास तिच्या कक्षेबाहेर राहिले. अशा छोट्या, बहुधा पायी केलेल्या प्रवासांत स्त्रियांचा वाटा मोठा असल्याने केवळ कामाच्या प्रवासांवर बेतलेला आराखडा त्यांच्या गरजा वगळण्याची शक्यता असते.

ब्रिटनमधील पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम सामान्यतः एका वर्षाचा असतो व काही विद्यापीठांत कार्यानुभवासाठी तो वाढवून घेता येतो. तेथे पदवीनंतरच्या कामाच्या अनुभवावर आधारित 'ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग प्रोफेशनल' ही व्यावसायिक अर्हताही मिळवता येते.

शिक्षणसंस्था व प्रत्यक्ष प्रकल्प

शिक्षणसंस्थांचा काही मोठ्या प्रकल्पांशी थेट संबंध आला आहे. २००९ साली सुरू झालेल्या अहमदाबादच्या 'जनमार्ग' या जलद बससेवेच्या आखणीत सेप्टचा सहभाग होता. दिल्लीतील २००८ सालच्या बस मार्गिकेच्या आखणीत आयआयटी दिल्लीतील संशोधकांचा सहभाग होता. ही मार्गिका मोटारचालकांच्या तीव्र विरोधानंतर २०१६ साली काढून टाकण्यात आली. तांत्रिक आखणीइतकेच अंमलबजावणी व लोकमान्यता यांना महत्त्व असते, हे दाखवण्यासाठी या दोन उदाहरणांची तुलना केली जाते.

रोजगार व अडचणी

२०१७च्या मेट्रो रेल्वे धोरणानुसार केंद्राच्या साहाय्यासाठी शहराचा सर्वंकष गतिशीलता आराखडा व पर्यायांचे विश्लेषण सादर करणे बंधनकारक आहे. त्यामुळे प्रशिक्षित नियोजकांची गरज वाढली. तथापि हे काम बहुतांशी खासगी सल्लागार संस्थांकडून करून घेतले जाते.

नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार देशातील राज्यांच्या नगररचना विभागांत १२,००० हून अधिक नियोजकांची आवश्यकता असताना मंजूर पदे ४,००० पेक्षा कमी होती व त्यांपैकी सुमारे निम्मी रिक्त होती. अनेक राज्यांत या पदांसाठी नियोजनातील पदवी ही अनिवार्य अर्हता नसल्याचेही अहवालात नमूद आहे. परिणामी आराखडा तयार होऊनही तो तपासणारे, त्याचा पाठपुरावा करणारे व त्यातील गृहीतके काही वर्षांनी पडताळून पाहणारे प्रशिक्षित मनुष्यबळ अनेक महापालिकांकडे नसते. आंतरवासितेत सरकारी कार्यालयांचा समावेश करण्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधोरेखित होते.

हे सुद्धा पहा

नगररचना
मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण
जलद बस वाहतूक
सार्वजनिक वाहतूक