नीती की गणित? बडतर्फ कामगाराच्या भत्त्याचा वाद

१/ दारू पिऊन कामावर आला म्हणून मालकाने कामगाराला काढून टाकले. बेकारी विम्याचे हप्ते मात्र त्याने नियमित भरले होते. मग त्याला भत्ता मिळावा का? १९०९ साली ब्रिटनच्या व्यापार खात्यात याच प्रश्नावरून मतभेद झाला. #धागा

२/ तेव्हा या खात्याचे मंत्री होते विन्स्टन चर्चिल, वय अवघे ३४. सक्तीच्या बेकारी विम्याचा आराखडा त्यांच्या हाताखाली सचिव ह्यूबर्ट लेवेलिन स्मिथ आणि तरुण विल्यम बेव्हरिज आखीत होते.

३/ स्मिथ यांची भूमिका अशी : विमा हा न मागता कोसळणाऱ्या बेकारीसाठी असतो. स्वतःच्या गैरवर्तनाने नोकरी घालवणाऱ्याला त्याचा लाभ नको.

४/ चर्चिल यांनी जून १९०९ च्या टिपणात उलट बाजू मांडली. हप्ता भरला की हक्क निर्माण होतो. नोकरी दारूपायी गेली तरी तो बुडत नाही. दुरुपयोगाला आळा हिशेबच घालील, कारण वारंवार काम गमावणाऱ्याची शिल्लक आपोआप संपेल. नीती आणि गणित यांची सरमिसळ त्यांना मान्य नव्हती.

५/ १९१० मध्ये चर्चिल गृहखात्यात गेले. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात स्मिथ यांचे मत टिकले : गैरवर्तनामुळे नोकरी गेली, किंवा सबळ कारणाविना सोडली, तर सहा आठवडे भत्ता बंद.

६/ गणितही उरलेच. कामगार आणि मालक यांनी आठवड्याला प्रत्येकी अडीच पेनी भरायचे. पाच हप्त्यांमागे एका आठवड्याचा भत्ता, सात शिलिंग. वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे.

७/ पण ‘गैरवर्तन’ म्हणजे काय? कायद्याने व्याख्या केलीच नाही. भत्ता नाकारला गेला, तर कामगाराला एका मंडळापुढे दाद मागता येई. तेथे मालकांचा एक प्रतिनिधी, कामगारांचा एक आणि तटस्थ अध्यक्ष बसत. मालकाचा शब्द अखेरचा राहिला नाही, हे या व्यवस्थेचे मोठे फलित.

८/ सहा आठवड्यांची ही मर्यादा १९८६ मध्ये १३ आणि १९८८ मध्ये २६ आठवड्यांवर गेली. भारतातही २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे बेकार झालेल्यास लाभ मिळत नाही.

९/ शिक्षा म्हणून नोकरी तर गेलीच; मग भरलेल्या हप्त्यांचा हक्कही जावा का? चर्चिल यांचा हा प्रश्न शतकानंतरही अनुत्तरित आहे. तुम्ही कोणाच्या बाजूने?