मोठे इंजेक्टर आणि ईसीयूचे गणित

इंजेक्टर बदलला म्हणून इंजिनात जाणारी हवा बदलत नाही. ईसीयू आधी हवा मोजतो, मग त्या हवेला किती पेट्रोल लागेल ते ठरवतो आणि शेवटी तेवढे पेट्रोल जाण्यासाठी इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते काढतो. मोठा इंजेक्टर बसवल्यावर यातली फक्त तिसरी पायरी चुकते. दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी. ट्यूनिंगमधले बरेचसे नुकसान तिसरी पायरी सोडून पहिलीशी खेळल्यामुळे होते, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरण म्हणून फोक्सवॅगन गटाचे १.८ लिटरचे, २० व्हॉल्व्हचे टर्बो इंजिन घेऊ. आपल्याकडे ते १५० अश्वशक्तीच्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसमधून आले आणि हौशी मंडळी त्या गाड्या अजून जिवापाड जपतात. समजा, जुने इंजेक्टर ३ बार दाबाला मिनिटाला ३०० सीसी पेट्रोल सोडणारे आहेत आणि नवे ५५० सीसीचे.

एवढे मोठे खरेच लागतात का, हे आधी तपासावे. मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या वेगात चार-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र २० मिलिसेकंदांत पुरे होते. त्यातला सुमारे ८५ टक्के वेळच इंजेक्टर भरवशाने उघडा ठेवता येतो. पूर्ण भाराखाली टर्बो पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव किलो पेट्रोल घेते. या हिशेबाने ३०० सीसीचे चार इंजेक्टर १८० अश्वशक्तीच्या आसपास संपतात, तर ५५० सीसीचे चार ३३० पर्यंत पुरतात. ज्याला २२० हवेत त्याने याहून मोठे घेऊ नयेत, कारण मोठेपणाची किंमत आयडलिंगला मोजावी लागते. आकडा कोणत्या दाबाचा आहे हेही विचारून घ्यावे. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३ बारचा इंजेक्टर ४ बारला सुमारे १५ टक्के जास्त सोडतो.

आता तिसरी पायरी. या गाडीच्या बॉश एमई७ ईसीयूत पेट्रोलच्या मात्रेचे वेळेत रूपांतर करणारा एक स्थिरांक असतो. ट्यूनर त्याला केआरकेटीई म्हणतात. नव्या इंजेक्टरसाठी त्याला ३०० भागिले ५५०, म्हणजे ०.५४५ ने गुणायचे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि पुष्कळ जण इथेच थांबतात.

खरी मेहनत पुढे आहे. वीज मिळाल्याबरोबर इंजेक्टरची सुई उघडत नाही. कॉइलमध्ये प्रवाह वाढायला आणि सुई उचलायला वेळ लागतो. तो डेड टाइम. १४ व्होल्टला तो एक मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि व्होल्टेज उतरले की वाढतो. एमई७ मध्ये त्याचा व्होल्टेजनुसार वेगळा तक्ता आहे, टीव्हीयूबी नावाचा. आयडलिंगला जुना इंजेक्टर प्रत्यक्षात १.५ मिलिसेकंद पेट्रोल सोडत असेल, तर नवा ०.८ च सोडेल. डेड टाइम ०.२ मिलिसेकंदाने चुकला तर जुन्यावर १३ टक्क्यांची चूक होते, नव्यावर जवळजवळ २५ टक्क्यांची. जोरात गाडी पळवताना, जिथे नवा ८ मिलिसेकंद उघडा असतो, तिथे तीच चूक अडीच टक्के उरते. म्हणूनच हायवेवर झकास पळणारी गाडी सिग्नलला थरथरते. त्यात अगदी लहान पल्सला सुई पूर्ण उचललीच जात नाही आणि वेळ व प्रवाह यांचे सरळ प्रमाण मोडते. तिथे एकाच संचातले चार इंजेक्टरही चार तऱ्हेने वागू शकतात.

चूक कुठली, हे फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू स्वतःहून पेट्रोलमध्ये करतो त्या टक्केवारीतल्या दुरुस्त्या, सांगतात. सगळीकडे सारखेच टक्के दिसले तर स्थिरांक चुकला. आयडलिंगला १२ आणि क्रूझला २ दिसले तर आधी डेड टाइमकडे बघावे, मात्र कुठे हवेची गळती नाही याची खात्री करून. एक सोपी परीक्षा अशी: आयडलिंगला हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावून व्होल्टेज खाली आणा आणि ट्रिम रीसेट करून लॅम्डा, म्हणजे आदर्शाच्या तुलनेत हवा-पेट्रोलचे प्रमाण, पाहा. मिश्रण हलले तर तक्ता चुकीचा.

आता ती पहिल्या पायरीची गफलत. स्थिरांकाला हात न लावता काही जण मास एअरफ्लो सेन्सरचे मापच कमी करतात किंवा सेन्सर मोठ्या नळीत बसवतात. हवा कमी दिसली की पेट्रोलही कमी जाते आणि मिश्रण बरोबर दिसते. पण त्याच हवेच्या आकड्यावरून ईसीयू इंजिनावरचा भार काढतो आणि भारावरून स्पार्क किती आधी द्यायचा ते ठरवतो. हवा निम्मी दिसली तर तो हलक्या भाराचा, म्हणजे फार आधीचा स्पार्क देतो, तोही टर्बो पूर्ण दाब देत असताना. मग नॉकिंग सुरू होते, आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटायला फार वेळ लागत नाही. नॉक सेन्सर थोडे सावरतो, पण त्याच्या भरवशावर मॅप उभा करणे मला अजिबात मान्य नाही.

थंड स्टार्टचे तक्तेही त्याच प्रमाणात उतरवावेत. नाहीतर प्लग भिजतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुतले जाते. मिश्रण तपासायला वाइडबँड सेन्सरच हवा, कारण मूळ नॅरोबँड लॅम्डा १ च्या पलीकडे फारसे काही सांगत नाही. आकडाही लॅम्डातच वाचावा. शुद्ध पेट्रोलसाठी हवा-इंधनाचे आदर्श प्रमाण १४.७ असले तरी आता पंपावर मिळणाऱ्या ई२० चे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे, सुमारे १३.५ आहे. पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या मॅपला त्यामुळे सात-आठ टक्के अधिक इंधन द्यावे लागते, आणि हा फरक नव्या इंजेक्टरच्या माथी मारणे चूक.

म्हणून खरेदीच्या वेळी एकच आग्रह धरा. ज्या इंजेक्टरसोबत दाबासह प्रवाहाचा आकडा आणि व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.